एकाच भांड्यातल्या बारा गोळ्या

टॅनरी हॉलो, पॉटर काउंटी
८ सप्टेंबर १९९२

प्रिय मर्ल,

ऑरिनला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. सांत्वनाचं कार्ड पाठवू नकोस, गेल्या वर्षीचं अजून कपाटात आहे. मी कामासाठी लिहिते आहे.

नाताळानंतर ठासणीच्या बंदुकांचा मोसम सुरू झाला की मी ऑरिनची चकमकीची बंदूक घेऊन हरणावर जाणार आहे. वय सहासष्ट, पेशा रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, तेव्हा काय हसायचं ते आत्ताच हसून घे. लग्नानंतरची दहा वर्षं मी त्याच्याबरोबर रानात जात होते. मग शाळेने वेळ ठेवला नाही, पण नेम गेलेला नाही. मागच्या आठवड्यात कुंपणावरचे पाच डबे पाडले.

कारण तुला माहीत आहे. तुमच्या शिकारी कॅम्पच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं शेपूट खिळ्याला लटकतं आहे. ज्याची गोळी हुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापायचा, वर नाव आणि तारीख लिहायची, ही तुमची जुनी गंमत. तुझी स्वतःची पाच शेपटं तिथे लटकून उतरली आणि तू त्यांचे किस्से पाहुण्यांना हौसेने सांगतोस. ऑरिनचं एकच आहे, एकेचाळीस वर्षांतलं. ४ जानेवारी १९९०, चाळीस पावलं. निळ्या पट्ट्यांचा तो शर्ट मी शिवला होता, उशीच्या जाड कापडाचा, काट्यांत फाटू नये म्हणून.

गोळी लागली आहे, असं तो सांगत राहिला. बर्फावर रक्ताचा थेंब नव्हता, म्हणून कोणी ऐकलं नाही. पुढचे दोन दिवस तो एकटा ते हरीण शोधत फिरला. त्यानंतर कॅम्पला गेला नाही आणि बंदुकीला हातही लावला नाही. तू त्याचा मावसभाऊ, लहानपणी एका खाटेवर झोपलेला, तेव्हा हे तुला जास्त फोड करून सांगायला नको.

त्याच बंदुकीने पुन्हा हरीण पडलं की शेपूट उतरतं, असा तुमचा नियम आहे. बंदूक कोणाच्या हातात असावी हेही त्या नियमात आहे का? नसेल तर ते शेपूट मला उतरवायचं आहे.

आणि गोळी कोणती वापरू ते सांग. अंगात शिरल्यावर नीट पसरणारी आणि मागे रक्ताचा माग ठेवणारी हवी. अख्खा कॅम्प तुझ्या हातच्या गोळ्या वापरतो. सविस्तर लिही.

विल्डा

---

अल्टूना
१७ सप्टेंबर १९९२

मास्तरीणबाई,

हे नाव तुला आवडत नाही, पण इतक्या वर्षांनी मी दुसरं कुठून आणू? तुझं पत्र जावयाच्या टायरच्या दुकानात बसून वाचलं आणि मुळीच हसलो नाही. यंदा डेलमार कॅम्पचा अध्यक्ष आहे, त्याला फोन केला. नियमात फक्त बंदूक आहे, हातांचा उल्लेख नाही, असं तो म्हणाला. वर म्हणाला की विल्डा कोणाला विचारून जाणार असेल तर ती आजारी असेल.

आता गोळीचं. दुकानदार तुला प्लास्टिकच्या टोपीत बसवलेली पिस्तुलाची गोळी दाखवेल. ती घेऊ नकोस, ती नव्या बंदुकांची. लांबोडकी, पुढून पोकळ अशी शिशाची गोळी मिळते. ती फुलते छान, पण ऑरिनच्या नळीच्या आतले पेचदार आटे संथ वळणाचे आहेत. लांब गोळी त्यातून सरळ जायची नाही, कोलांट्या खात जाईल. तुला गोल गोळीच हवी, चिंधीत गुंडाळून ठासलेली. चिंधी घट्ट विणीची घे, उशीचं कापड सगळ्यांत उत्तम. तिला थोडी चरबी चोळ.

गोळी शुद्ध शिशाची हवी, सगळं मर्म तिथे आहे. मऊ शिसं बरगडीवर आपटलं की पसरतं आणि पाव डॉलरच्या नाण्याएवढं होतं. हरीण तीस पावलांत पडतं. शिशात दुसरा धातू मिसळला असेल, जसा चाकाच्या तोलासाठी टायरवाले जी वजनं ठोकतात त्यांत असतो, तर गोळी कडक होते आणि सुईसारखी शिरते. हरीण मरतं, पण अर्धा मैल पळून, आणि मागे थेंब सोडत नाही. मग माणूस कितीही शपथा घेऊ दे, त्याचं कोण ऐकतं?

ओळखायचं सोपं आहे. अंगठ्याचं नख दाब. नख उमटलं तर मऊ. दगडावर टाक. थप्प वाजली तर ठेव, टणकन वाजली तर फेक. मी एकही गोळी नख लावल्याशिवाय पिशवीत टाकत नाही, चाळीस वर्षांत टाकलेली नाही. नख कायमचं काळं पडलं आहे, बायको जेवताना हात टेबलाखाली ठेवायला सांगते.

हवं तर मोसमात मी तुझ्याबरोबर बसेन. थर्मासमधली कॉफी माझी.

मर्ल

---

टॅनरी हॉलो
२८ सप्टेंबर १९९२

प्रिय मर्ल,

पत्र उपयोगी आहे. जपून ठेवलं आहे.

सोबत कोणी नको. गोळ्या मात्र सहा पाठव, तुझ्या साच्यातल्या आणि तुझ्या शिशाच्या.

खरं तर नव्या कशाला, असाही विचार मनात आला. ऑरिनच्या कातडी पिशवीत तू दिलेल्या बारांपैकी अकरा गोळ्या तशाच आहेत. त्याच्या रोजनिशीत ३ जानेवारीला लिहिलेलं सापडलं, ते उतरवून देते. "मर्लने बारा दिल्या. म्हणाला, तुझ्या नि माझ्या सगळ्या एकाच भांड्यातल्या. सकाळी एक ठासून बघितली, ठासायच्या गजावर जरा जास्त जोर द्यावा लागला. थंडीमुळे असेल. मर्लच्या गोळ्या आहेत, बघायला नको."

एकाच भांड्यातल्या असतील तर त्याच वापराव्यात का?

विल्डा

---

अल्टूना
९ ऑक्टोबर १९९२

विल्डा,

सहा गोळ्या सोबत आहेत. जुन्या चर्चचे नळ काढले तेव्हा मिळालेलं शिसं आहे, लोण्यासारखं.

त्या अकरा वापरू नकोस. एकाच भांड्यातल्या होत्या हे खरं आणि तेव्हा मऊच होत्या. पण शिसं पडून राहिलं की म्हातारं होतं, आतून कडक होत जातं. तीन वर्षं म्हणजे फार झाली. तू असं कर, त्या अकरा मला पोस्टाने परत पाठव. मी वितळवून ताज्या ओतून देईन. उगाच तुझा नेम वाया जायला नको.

यंदा ओकची फळं भरपूर आहेत असं ऐकतो. हरणं कड्याच्या वरच्या अंगाला राहतील.

मर्ल

---

टॅनरी हॉलो
१९ ऑक्टोबर १९९२

मर्ल,

शिसं म्हातारं होत नाही. एकतीस वर्षं मी या तालुक्याला रसायनशास्त्र शिकवलं. तुझा जावईसुद्धा माझ्या हाताखालून गेला, आणि जेमतेम गेला.

शाळेत जाऊन प्रयोगशाळेतला तराजू मागून घेतला. तुझ्या सहा नव्या गोळ्या प्रत्येकी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतात. ऑरिनच्या अकरा भरतात अकरा ग्रॅमला किंचित जास्त. साचा एकच आहे, कारण सतरांच्या सतरा गोळ्यांवर साच्याच्या जोडाच्या शिवणीपाशी मोहरीएवढा उंचवटा आहे. तू साचा ऐरणीवर पाडलास तेव्हा पडलेला टवका तो. आकार तोच आणि वजन कमी, म्हणजे धातू वेगळा. नव्यांवर माझं नख उमटतं. जुन्यांवर माझं नख तुटलं.

आता बाराव्या गोळीचं ऐक. लाइल हॉकनबेरी नावाचा जमीन मोजणारा आहे. ऑगस्टमध्ये माझ्या हद्दीचे दगड दाखवून दे असं सांगायला मी त्याच्या शेडवर गेले होते. दारावर हरणाची कवटी टांगलेली होती, डावं शिंग डोळ्यावरून खाली वळलेलं, सुरईच्या कानासारखं. ऑरिनने कॅम्पवरून घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसून मला तेच शिंग हाताने काढून दाखवलं होतं. तुम्हालाही दाखवलं असेल, तुम्ही हसत होता.

लाइलला ते जनावर एप्रिल १९९० मध्ये सापडलं, कड्यापलीकडच्या हेमलॉक झाडांच्या दाटीत, कॅम्पपासून अर्ध्या मैलावर. तो बाहेरगावचा, त्याला तुमच्या शेपटांची काय खबर? गोळी पलीकडच्या खांद्याच्या हाडात रुतून बसली होती. त्याने ती बटणांच्या डब्यात ठेवली होती आणि मागताच दिली. ती माझ्यासमोर टेबलावर आहे. ठासली तेव्हा होती तशीच गोल. शिवणीपाशी मोहरीएवढा उंचवटा.

नेम चुकला नव्हता. हरीण मेलं होतं, अर्धा मैल पळून, थेंब न सोडता. हे शब्द तुझेच आहेत, १७ सप्टेंबरचे. कवटी तुझ्या कानावर आली नव्हती, तरी अर्ध्या मैलाचा हिशोब तुला आधीच कसा सुचला?

मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ही गोळी माझ्या हाती आलेली होती. हरीण मारायला मला तुझा सल्ला लागत नाही. तू काय लिहितोस ते मला वाचायचं होतं.

तुला माहीत होतं का? एका ओळीत उत्तर दे.

विल्डा

---

अल्टूना
३० ऑक्टोबर १९९२

विल्डा,

एका ओळीत जमत नाही.

जावयाने चाकांची वजनं माझ्या शिशाच्या बादलीत टाकली असावीत. वितळलं की सगळं सारखंच चकाकतं. मला कसं कळणार? तू म्हणतेस म्हणून आता मला कळतं आहे, आणि वाईटही वाटतं. पण त्या दिवशी हसणारा मी एकटा नव्हतो. सहा जण होते. कॅम्पात थट्टा होतेच, माझीही पाच वेळा झाली, मी काही मेलो नाही.

ऑरिन आता नाही. भिंतीवर काय लटकतं याने त्याला काय फरक पडणार? झालं ते झालं म्हण आणि बंदूक परत खुंटीला लाव. या वयात उगाच घसरून पडशील.

मर्ल

---

टॅनरी हॉलो
४ नोव्हेंबर १९९२

मर्ल,

"मी एकही गोळी नख लावल्याशिवाय पिशवीत टाकत नाही, चाळीस वर्षांत टाकलेली नाही." हेही तुझंच वाक्य आहे. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचं. जावयाने बादलीत काय टाकलं ते भांड्याला कळलं नसेल, तुझ्या अंगठ्याला कळलं होतं.

आणि ते शेपूट कापलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी तू स्वतः मादी पाडलीस. तिच्यातून निघालेली गोळी नाण्यासारखी चपटी झालेली होती, ती तू नाश्त्याला सगळ्यांच्या ताटाशी फिरवलीस. ऑरिनने मला ते सांगितलं होतं, आणि तरीही त्याला शंका आली नाही. तेव्हा भांडी दोन होती. मऊ तुझ्याकडे राहिल्या, कडक त्याला गेल्या.

माझ्या वयाची काळजी करू नकोस, तुझ्या शर्टाची कर.

शनिवारी २८ तारखेला कॅम्प भरेल. रविवारच्या नाश्त्याला तुझ्याशिवाय बाकीची नऊच्या नऊ माणसं टेबलावर असतात. तिथे उभा राहून तू सांगायचंस, नखापासून सुरुवात करून. मग ऑरिनचं शेपूट तुझ्या हाताने उतरवून मला पाठवायचंस. त्याच खिळ्यावर तुझं लावायचं, त्यावर नाव, तारीख आणि कशासाठी तेही लिहायचं. आणि साचा मला हवा. तो तू यापुढे वापरणार नाहीस.

नऊ पाकिटं लिहून, तिकिटं लावून शिवणाच्या टोपलीत ठेवली आहेत. प्रत्येकात तुझ्या तिन्ही पत्रांची नक्कल आहे. शाळेचं यंत्र चांगलं चालतं. १ डिसेंबरपर्यंत वाट पाहीन, मग पोस्टात टाकीन.

क्षमा मागू नकोस. ती द्यायचा अधिकार ज्याला होता, त्याला तू विचारलं नाहीस.

विल्डा

---

हंटर्स कॅम्प, वरचा कडा
२९ नोव्हेंबर १९९२, रविवार

विल्डा,

सांगितलं.

अंडी आणि डुकराच्या मांसाचं स्क्रॅपल ताटात होतं. मी उभा राहिलो तेव्हा सगळ्यांना वाटलं देवाचं नाव घेतोय. तुझ्या सांगण्याप्रमाणे नखापासून सुरू केलं. तुलाही तसंच सांगतो, कारण एका ओळीचं उत्तर अजून द्यायचं आहे.

हो, माहीत होतं. २ जानेवारीला दोन भांडी ओतली. दुसऱ्यातल्या गोळीवर नख उमटेना. फेकायला बादलीजवळ गेलो आणि थांबलो. मनात आलं, एकेचाळीस वर्षांत याचं एकही शेपूट भिंतीवर नाही. बायका, पोरं, मेलेली माझी आई, सगळी ऑरिनच्या नेमाचं बोलायची. मला एकदा, फक्त एकदा, त्याचा तुकडा तिथे बघायचा होता. एका वर्षासाठी. पुढच्या मोसमात त्याने हरीण पाडलं असतं, शेपूट उतरलं असतं, मी बिअर पाजली असती आणि हसत सांगूनही टाकलं असतं. तो पुढच्या मोसमाला आलाच नाही. दोनदा फोन उचलला होता मी. दोनदा ठेवला.

कात्री माझ्या हातात होती हे ऑरिनने तुला सांगितलं असेल. कापताना त्याने मान वळवून एवढंच विचारलं, "मर्ल, तुला तरी पटतं ना की लागली?" मी कापत राहिलो.

माझं बोलून होईपर्यंत ताटं तशीच थंड झाली. डेलमारने कॉफीचा कप बाजूला सारला आणि म्हणाला, "कात्री कुठे असते ते तुला माहीत आहे." माझं शेपूट मलाच कापावं लागलं. पाठीमागे हात नीट जात नाही. कोणी मदतीला उठलं नाही.

ऑरिनचं शेपूट या पाकिटात आहे. साचा वेगळा बांधून पाठवतो आहे. तो तुला कशाला हवा ते तू लिहिलं नाहीस.

उद्या रायफलचा मोसम उघडतो. सगळे आत्ताच जोड्या ठरवताहेत. माझ्याशी जोडी लावायला कोणी आलेलं नाही.

मर्ल

---

टॅनरी हॉलो
९ जानेवारी १९९३

मर्ल,

पाकीट आणि साचा मिळाला. नऊ पाकिटं चुलीत घातली. तिकिटं आधी वाफेवर सोडवून घेतली.

३० डिसेंबरला मी रानात गेले. कॅम्पच्या रानात नाही, माझ्याच हद्दीत, लाइलने दाखवलेल्या वरच्या दगडापाशी. एका जुन्या बीचच्या झाडाला पाठ लावून बसले. गोळी तुझ्या सहांपैकी घेतली नाही. शाळेचे जुने नळ बदलले तेव्हा मी थोडं शिसं मागून घेतलं होतं, ते स्वयंपाकघरात वितळवून तुझ्या साच्यात ओतलं. प्रत्येकीला नख लावलं.

चिंधी म्हणून ऑरिनच्या शर्टाचं शेपूट वापरलं. तूच लिहिलं होतंस की उशीचं कापड उत्तम. त्यातून गोल तुकडे कापले, बरोबर सात निघाले. नाव असलेला तुकडा पहिला ठासला.

नऊच्या सुमाराला नर आला. आठ टोकांचा, चांगला. अडतीस पावलं. चकमक पहिल्याच ठिणगीला पेटली. तो बावीस पावलं धावला आणि पडला. माग काढायला मला चष्मा लावावा लागला नाही, बर्फ दोन्ही अंगांनी लाल होता. गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली, पाव डॉलरच्या नाण्याहून थोडी मोठी झालेली. चिंधी दहा पावलांवर पडली होती, कडेने जळलेली. "ऑरिन" एवढं वाचता येत होतं. आता लाइलकडून आणलेली कवटी माझ्या दारावर आहे आणि चपटी गोळी नि गोल गोळी तिच्याखाली एका खिळ्याला शेजारी शेजारी आहेत. गावातले येऊन बघून जातात. मी काही सांगत नाही. डेलमार सांगतो.

तोच मांस न्यायला आला होता. कॅम्पने तुला काढलेलं नाही असं म्हणाला. शेपूट लटकत असेपर्यंत तू यायचंस आणि त्याखाली बसून जेवायचंस, असं नऊ जणांनी ठरवलं आहे. नियम सगळ्यांना सारखाच आहे. तुझ्या बंदुकीने हरीण पाडलंस की शेपूट उतरेल. दुकानातली गोळी चालणार नाही. कॅम्पची गोळी आता या साच्यातली आणि हा साचा माझ्याकडे राहणार आहे, हेही ठरलं. म्हणजे दरवर्षी तुला माझ्याकडेच मागावं लागेल.

मागायची वाट बघितली नाही. पुढच्या मोसमासाठी गोळ्या आत्ताच पाठवते आहे. ऑरिनच्या पिशवीतल्या त्या कडक अकरा मी टाकून दिलेल्या नाहीत, एवढं तुला माहीत असू दे. तू दिलेल्या गोळ्यांना ऑरिनने नख लावलं नव्हतं, कारण त्या घरच्या माणसाकडून आल्या होत्या. याही घरच्या माणसाकडून येत आहेत, तेव्हा तूही लावू नकोस.

बारा आहेत. सगळ्या एकाच भांड्यातल्या.

विल्डा